सुलोचनाबाईंच्या अकरा खुणा

तिसरी घंटा झाली. पडदा वर जातो आणि दिसतं पुलगाव, साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर, सकाळचे साडेसहा. डावीकडे स्टेशन, उजवीकडे कापडाची मिल आणि मधोमध, सायकलच्या दुकानावर, लाकडी जिन्याची एक खोली. खोलीत सहा टाइपरायटर, सहाही एकदम चालू. पार्श्वसंगीत वेगळं लागत नाही. मिलचा भोंगा होतो, मालगाडी धडधडत जाते, खाली सायकलवाला रिम ठोकतो आणि या सगळ्यांवर मात करत गुलहाने टायपिंग इन्स्टिट्यूटचा तडतडाट स्टेशन रोडवर उतरतो. रंगमंचाच्या मध्यभागी साधी सुती साडी, जाड चष्मा, हातात लाकडी पट्टी. या सुलोचनाबाई गुलहाने. त्यांचा प्रवेश होऊन गेला आहे आणि टाळी एकही पडलेली नाही.

टाळीची त्यांना हौस नव्हती असं कोण म्हणेल? हिंगणीच्या शेतकऱ्याची ही लेक. शाळेत असताना नाटकात राणी व्हायचं म्हणून हट्ट धरून बसली होती. पण आवाज असा, की वेचलेला कापूस हातातून सुटावा. ओठ हलायचे, ऐकू काही यायचं नाही. गुरुजींनी राणीचा मुकुट दुसरीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "पोरी, तू बोलली का नाई बोलली, हे फक्त तुलेच माहीत." पुढे लग्न होऊन पुलगावात आली. नवरा रूपराव, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. टायपिंग शिकली, खोली भाड्याने घेतली आणि आपला आवाज यंत्राच्या खिळ्यांना देऊन मोकळी झाली.

मग एक दिवस जिना करकरला आणि वर आले अण्णाजी. अण्णाजी मिलमध्ये सूतकताई खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते, पण ते फक्त आठ तास. उरलेले सोळा तास मिल कामगारांच्या नाट्य मंडळाचे नाटककार, दिग्दर्शक, प्रॉम्प्टर आणि प्रसंगी वादळाचा आवाज. अण्णाजी लिहीत ती नाटकं लोक रुमालांत मोजायचे. एका रुमालाचं नाटक म्हणजे साधारण. दोन रुमालांचं म्हणजे बरं. तीन रुमालांचं असलं, तर आर्वीपासून बैलगाड्या यायच्या.

अण्णाजींनी वही पुढे केली. "बाई, याच्या नकला टाइप करून द्या." नक्कल म्हणजे ज्याच्या-त्याच्या संवादांचा कागद. बाईंनी वही उघडली, तर ओळींवर निळ्या पेन्सिलीने मुंग्या चढल्यासारख्या खुणा.

"हे काय हाये?"

"हसणं."

"अन् हे?"

"ते बी हसणंच. पण दुसऱ्यावर."

"अन् हे?"

अण्णाजींनी वही आडवी धरली, उभी धरली. "याचं मलेच आता आठवून नाई राह्यलं."

खुणांची गरज मात्र खरी होती. मिल तीन पाळ्यांत चाले. नायक सकाळच्या पाळीत, खलनायक रात्रपाळीत, तर नायिकेचा बाप दुपारच्या. सगळे एका वेळी तालमीला आले असं मंडळाच्या इतिहासात एकदाच घडलं होतं आणि त्या दिवशी संप होता. एरवी जो-तो आपली नक्कल घेऊन एकटाच घोकायचा आणि सगळे एकमेकांना पहिल्यांदा भेटायचे ते थेट प्रयोगात. म्हणजे कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठे डोळे पुसायचे, हे कागदानेच सांगायला हवं.

सुलोचनाबाईंनी आठ दिवस वही घरी ठेवली. नवव्या दिवशी त्यांनी अण्णाजींसमोर एक कागद ठेवला. त्यावर अकरा खुणा होत्या, बस्स. सरळ वाटी म्हणजे हसणं. उपडी वाटी म्हणजे रडणं. टोक वर असलेला त्रिकोण, आवाज चढवा. टोक खाली, आवाज उतरवा. पोकळ गोल म्हणजे श्वास. दोन उभ्या रेघा म्हणजे थांबा, मनात चार मोजा. अशा अकरा. नागपूरहून महिन्याला एक मेकॅनिक यायचा. त्याच्याकडून बाईंनी आपल्या एका टाइपरायटरचे न लागणारे खिळे काढवले आणि त्या जागी या खुणा कोरून झाळून घेतल्या. मेकॅनिक जाता-जाता म्हणाला, "बाई, पंचवीस वर्षांत मी खूप अक्षरं बसवली. रडणं पहिल्यांदाच बसवलं."

अशी त्या मंडळाची लिपी झाली. आवाज नसलेल्या बाईच्या बोटांवर सात माणसं हसू-रडू लागली. प्रयोगाच्या दिवशी त्या विंगेत स्टुलावर बसायच्या आणि बाहेर कुणी चार मोजून थांबला की इकडे त्यांची चार बोटं पदराआड मिटायची. एवढीच त्यांची भूमिका. पण ती त्यांची होती.

एकोणऐंशी साली तर कमाल झाली. आईच्या मरणाचा निरोप येतो, त्या ओळीवर अण्णाजींनी उपडी वाटी नाही, सरळ वाटी मागितली. नायक होता ओमप्रकाश, बाजारातल्या कापड दुकानाचा मालक, मिलमध्ये नसूनही मंडळाचा हिरो, कारण चेहरा तसा आणि पडद्याचं कापड त्याचंच. तो म्हणाला, "अण्णाजी, माँ मरून राह्यली अन् मी हसू? पब्लिक चप्पल मारन." अण्णाजी म्हणाले, "अर्थ माह्याकडे. खूण तुह्याकडे." ओमप्रकाश हसला. ते कोरडं हसू ऐकून मंडपात अशी रडारड झाली, की वर्ध्याच्या नाट्यस्पर्धेची ढाल पुलगावात आली. तेव्हापासून मंडळात नियमच झाला: अर्थ अण्णाजी पाहतील, आपण खूण पाहायची. ब्रह्मदेव आला तरी खूण मोडायची नाही.

हा नियम लक्षात ठेवा. पुढे तोच घात करणार आहे.

आता प्रसंग दुसरा, साल अठ्ठ्याऐंशी, दिवाळीनंतरचे दिवस. ऐतिहासिक नाटकाचं सागवानी सिंहासन ठेवायला जागा नव्हती म्हणून ते बाईंच्या खोलीत माळ्यावर ठेवलं होतं. एका दुपारी त्यावर राजा नसताना ते पडलं आणि पडलं ते बरोबर खुणांच्या टाइपरायटरवर. बाकीचे पाच शाबूत राहिले. खिळे कोरणारा मेकॅनिक केव्हाच भोपाळला मुलाकडे गेला होता. त्यातच अण्णाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दीड महिना वाचायचं नाही, लिहायचं नाही, वाकायचं नाही, डोळ्यांना हात लावायचा नाही. आणि नाटक तर तयार होतं. तीन रुमालांचं, कदाचित सव्वातीन.

तेव्हा ओमप्रकाश बायकोला, प्रमिलाबाईला, गाणी ऐकायला म्हणून नागपूरहून आणलेला टेप रेकॉर्डर घेऊन आला. टेबलावर ठेवला, बटण दाबलं आणि त्याच्याच आवाजात 'हॅलो, हॅलो, चेकिंग' ऐकू आलं.

"अण्णाजी, तुम्ही पूर्न नाटक यात बोलून टाका. जिथे हसाचं तिथे हसा, रडाचं तिथे रडा. मी सात कॅसेट काढतो. कागदाची झंझटच खतम."

"अन् बाई?" अण्णाजींनी विचारलं.

"बाई पहिल्या रांगेत बसतीन. इतके वर्ष विंगेत बसल्या, आता नाटक तर पाहतीन." तो मनापासून बोलत होता, म्हणूनच ते जास्त लागलं.

अण्णाजींनी थोडा वेळ कान खाजवला. "पंधरा दिवस. बाईंच्या खुणा झाल्या तर खुणा. नाई तर टेप."

सुलोचनाबाई बोलल्या असत्या तरी कुणाला ऐकू आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने त्या वर्ध्याला गेल्या.

वर्ध्यात नुकताच कॉम्प्युटरचा एक क्लास निघाला होता. दाराशी पडदा, दाराबाहेर चपलांचा ढीग, आत गारवा आणि उदबत्तीचा वास. देवळात आणि तिथे एवढाच फरक, की तिथे देवाला प्लास्टिकची टोपी घालत. शिकवणारी अन्नपूर्णा, कारंजा घाडगेची, पंचविशीची आणि पटकन बोलणारी. तिने बाईंना मराठी अक्षरं लिहिणारा प्रोग्रॅम दाखवला. पडद्यावर अक्षर उमटतं, चुकलं तर पुसता येतं, ओळ उचलून खाली ठेवता येते. बाईंना खोडरबराची पस्तीस वर्षं आठवली आणि त्या हसू लागल्या.

"पण बाई, तुमच्या वाट्या यात नाईत. यात जे अक्षर हाये तेच हाये."

"मंग नवीन घालू."

अन्नपूर्णा नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिला प्रिंटरबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक आठवलं. त्यात मागच्या पानांवर लिहिलं होतं, की प्रिंटरला नवी चिन्हं शिकवता येतात. प्रिंटरच्या डोक्यात एकाखाली एक आठ सुया. प्रत्येक सुई एक ठिपका मारते. कोणत्या सुईने कुठे ठिपका मारायचा ते आकड्यांत सांगायचं, की चिन्ह तयार.

"पहिल्या सुईचा आकडा एक, दुसरीचा दोन, तिसरीचा चार, असे दुप्पट-दुप्पट," अन्नपूर्णा वाचत गेली. "जेवढ्या सुया मारायच्या तेवढ्यांची बेरीज करायची."

"थांब," सुलोचनाबाई म्हणाल्या. "ही तं ठिपक्यांची रांगोळी हाये."

एवढं म्हणून त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली. पाच दिवस पुलगावातल्या त्या घरात दुसरं काही झालं नाही. भाजी करपली, रूपरावांच्या डब्यात दोनदा नुसती चटणी गेली, गणिताच्या वहीची चौकटीची पानं घरभर पसरली आणि प्रत्येक पानावर ठिपक्यांच्या वाट्या, त्रिकोण, गोल. रूपराव मालधक्क्यावरून आले की बेरजा तपासायचे. "चौसष्ट अन् आठ, बहात्तर. या बहात्तरमध्ये कोण रडून राह्यलं?" त्यांनी एका संध्याकाळी विचारलं.

"नायिकेचा बाप," बाई म्हणाल्या. "त्याले रडू द्या, तुम्ही पुढची करा."

बेरजा सगळ्या बरोबर होत्या. चूक एकच होती आणि ती बेरजेत नव्हती. पहिली सुई म्हणजे वरची की खालची, हे अन्नपूर्णाने सांगितलं नव्हतं आणि बाईंनी विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? घराचे मजले माणूस खालून मोजतो. पोती थप्पीला लावताना खालून मोजतो. मालधक्क्याच्या कारकुनाच्या घरात तर आणखीनच. बाईंनी पहिली सुई खालची धरली. प्रिंटरची पहिली सुई वरची होती.

वर्ध्याला आकडे भरले. पडद्यावर खुणेच्या जागी नुसता काळा चौकोन दिसे, खरी खूण उमटायची ती कागदावरच. अन्नपूर्णाने पहिलं पान छापायला लावलं. प्रिंटर कर्कश ओरडत डावी-उजवीकडे धावला आणि कागद पुढे सरकला. नाटकाचं पहिलं पान म्हणजे पहाट, सूत्रधार, शांत वातावरण. त्यात होते फक्त श्वासाचे गोल आणि थांबण्याच्या दुहेरी रेघा. गोल आला. रेघा आल्या. गोल उलटा केला तरी गोलच राहतो, हे कुणाला सुचणार? बाईंनी अन्नपूर्णाला मिठी मारली, अन्नपूर्णाने चपराश्याला पेढे आणायला पिटाळलं, क्लासमधली सगळी पोरं आळीपाळीने येऊन तो गोल पाहून गेली.

बाकीची पानं बाईंनी टाइप करून ठेवली. सात नकला छापायला दोन दिवस लागणार होते. ओमप्रकाश दुकानाचा माल घ्यायला वर्ध्याला जाणारच होता, त्याने गठ्ठा उचलला आणि दिलदार माणूस तो, स्वतः मिलच्या गेटवर उभं राहून पाळी सुटेल तशा नकला वाटल्या. बाईंकडे राहिली अण्णाजींची निळ्या पेन्सिलीची मूळ वही. कारण अण्णाजींना वाचायची बंदी, म्हणून या खेपेला प्रॉम्प्टिंग त्यांनीच करायचं ठरलं होतं. कुजबुजायचं काम. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज अगदी योग्य होता.

जानेवारीतली गार संध्याकाळ. मिलच्या मैदानावर मंडप. लष्करी डेपोतले लोक, मिलमधले लोक, आर्वीच्या गाड्या, बायकांच्या कमरेला दोन-दोन रुमाल खोचलेले. पहिल्या रांगेत हिरव्या काचांचा चष्मा लावून अण्णाजी, मान ताठ, हात गुडघ्यांवर. पडदा वर गेला. पहाट झाली. सूत्रधाराने श्वास घेतला, चार मोजून थांबला. बाईंनी विंगेत पदराआड चार बोटं मिटली.

मग आला सावकार. तानबा, बॉयलरवरचा, साडेसहा फुटी, मिशा पिळदार. त्याने घरातून सामान बाहेर फेकायचं आणि म्हणायचं, "आजपासून हे घर माझं." आणि गडगडाटी हसायचं. तानबाने सामान फेकलं. "आजपासून हे घर माझं," असं तो म्हणाला आणि खांबाला मिठी मारून हमसून-हमसून रडू लागला.

बाईंना वाटलं, याच्या पोटात दुखून राह्यलं.

पुढचा प्रवेश प्रेमिकांचा. विहिरीच्या काठावर नायिका आनंदाबाईने कानाशी लागून म्हणायचं, "हळू बोला, कुणी ऐकेल." ती हे अशा आवाजात ओरडली, की मंडपाबाहेरचं कुत्रं उठून उभं राहिलं. त्यावर ओमप्रकाशने छाती काढून गर्जायचं, "ऐकू दे साऱ्या गावाला." त्याने ते तिच्या कानात अलगद सांगितलं. पहिल्या रांगेपर्यंतही पोहोचलं नाही.

मंडपात कुठेतरी एक बाई फिसकन हसली. आणि तेवढ्यात तार आली. बाप गेला. ओमप्रकाशने तार वाचली, छातीशी धरली, मान मागे टाकली आणि हसला. इतकी वर्षं खुणेबरहुकूम हसलेला माणूस तो, मन लावून हसला.

"रडा," बाई विंगेतून कुजबुजल्या. "ओमप्रकाश, रडा."

त्याने हसता-हसता विंगेकडे पाहिलं आणि दातांतून म्हणाला, "बाई, खूण तर तुमचीच हाये."

मंडप फुटला. मिलचे लोक मांड्या थोपटू लागले, बायकांनी डोळे पुसायला आणलेले रुमाल तोंडात कोंबले. सावकार रडत होता, अनाथ नाचत होता, पंचायत बसली तर सरपंच निकाल कुजबुजून देत होता आणि मंडप ओरडत होता, "मोठ्यानं, सरपंच, मोठ्यानं." ओमप्रकाश विंगेत येताच बाईंनी त्याच्या हातातली नक्कल ओढून घेतली. वाटी उपडी. त्रिकोण खाली डोकं, वर पाय. त्यांनी कागद फिरवून उलटा धरला आणि सगळ्या खुणा सुतासारख्या सरळ झाल्या. त्या स्टुलावर बसल्या. त्यांना रडू येत होतं आणि हसू येत होतं आणि कोणतं कोणत्या खुणेचं, ते कळत नव्हतं.

मध्यंतरात अण्णाजींना हाताला धरून आत आणलं. हिरव्या चष्म्याआडून त्यांना माणसांच्या नुसत्या सावल्या दिसत होत्या.

"बाई, लोक काऊन हसून राह्यले?"

बाईंनी सांगितलं. सुया, मजले, पहिली कोणती, सगळं. कुजबुजून, पण न थांबता. सातही नट गोळा झाले. तानबा तोंडाचा रंग पुसत म्हणाला, "मले वाटलं, सावकाराले पश्चात्ताप झाला असन. मी तं तीन आठवडे बायकोसमोर रडून पाहिलं."

"टेप असता तर ये नौबत नसती आली," ओमप्रकाश म्हणाला. रागाने नाही, पण म्हणाला.

अण्णाजींनी चष्मा सारखा केला. मग त्यांनी विचारलं, "सगळ्याच खुणा उलट्या हायेत?"

"सगळ्या नाई. श्वास सरळ हाये. थांबा सरळ हाये."

"मंग दुसऱ्या अंकाचं तुम्ही सांगा. वही तुमच्या हाती हाये, मले तं दिसून नाई राह्यलं."

पंधरा वर्षांत कुणी त्यांना असं विचारलं नव्हतं. सात माणसं त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. आता खुणा बदलायच्या म्हटलं, तर अर्धे विसरणार, अर्धे आठवणार आणि एक हसत असताना दुसरा रडणार. बाईंनी पदर खोचला.

"उलटंच चालू द्या. कोणी दुरुस्त कराचं नाई. फक्त शेवटी ओमप्रकाश घराची किल्ली उंबऱ्यावर ठेवतो, तिथे थांबा हाये. तिथे चार नाई, दहा मोजजो. माह्या बोटांकडे पायजो."

दुसरा अंक म्हणजे जत्रा झाली. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. आनंदाबाईची पाठवणी तर अशी हसत-खिदळत झाली, की प्रेक्षकांतल्या बायका स्वतःहून मंगलाष्टकं म्हणू लागल्या. आणि मग शेवटचा प्रवेश. रिकामं घर. ओमप्रकाश एकटा. किल्ली उंबऱ्यावर ठेवली. मंडप अजून हसतच होता.

तो थांबला.

विंगेत बाईंनी दोन्ही हात पदराबाहेर काढले, उघडपणे, आणि एक बोट मिटलं. दोन. तीन. पुढच्या रांगांचं हसू ओसरलं. चार. पाच. मागची पोरं गप्प झाली. सहा, सात. एवढ्या वेळात पहिल्यांदाच प्रेक्षकांना ते रिकामं घर दिसलं. आठव्या बोटाला कुणीतरी नाक शिंकरलं. नवव्याला तोंडात कोंबलेले रुमाल हळूहळू डोळ्यांकडे निघाले. दहा. पडदा.

मग जे झालं, त्याला टाळ्या म्हणायच्या तर म्हणा. मंडपाचे बांबू हलत होते. हिंगणीकडून आलेला एक म्हातारा विंगेत घुसला आणि उद्या परत आहे का विचारू लागला, कारण त्याला बायकोला आणायचं होतं. अण्णाजी हिरवा चष्मा कपाळावर सरकवून, डॉक्टरांची बंदी मोडून, राजरोस डोळे पुसत होते.

ओमप्रकाशने पेटीमागून टेप रेकॉर्डर काढला. त्याने सगळा प्रयोग टेप केला होता. सगळे भोवती कोंडाळं करून बसले. त्याने कॅसेट मागे-पुढे करून शेवट लावला. आधी हसण्याचा कल्लोळ. मग किल्ली ठेवल्याचा टक आवाज. मग खरखर, नुसती खरखर. शेवटी कुणाचं तरी नाक.

ओमप्रकाशने बटणं दाबून पाहिली, कॅसेट काढून पुन्हा घातली. "इथे तर काहीच नाई आलं," तो म्हणाला. "मशीन बंद पडलं होतं काय, बाई?"

सुलोचनाबाई स्टुलावरून उठल्या, मूळ वही काखेत घातली. आणि हिंगणीच्या शाळेपासून जो आवाज कुणालाही ऐकू आला नव्हता, तो मंडपातल्या शेवटच्या रांगेपर्यंत, सतरंज्या गुंडाळणाऱ्या माणसांपर्यंत स्वच्छ गेला:

"तो टेप घरी नेजो, ओमप्रकाश, अन् प्रमिलाबाईले गाणे ऐकवजो."